खंडेनवमीला धुतलेल्या फिल्मा

टबातलं पाणी निळं व्हायला लागलं तेव्हा मला वाटलं, टबाचाच रंग सुटून राह्यला. नवा प्लास्टिकचा टब होता, निळा. मनात म्हटलं, दुकानदारानं फसवलं. मंग पाण्यात लाल धागा उतरला, त्याच्या मागून हिरवा. टबाला लाल-हिरवं कुठून येणार? मी हातातली फिल्म उचलून खिडकीकडं धरली. तिच्यातून समोरचं लिंबाचं झाड दिसलं, झाडावरचा कावळा दिसला. मॅडमनं दोन महिने बसून जे फूल काढलं होतं, तेवढं दिसलं नाही.

आता मी हे मधूनच सुरू केलं. तुम्ही म्हणाल कोणती फिल्म, कोणत्या मॅडम. सांगते.

माझं माहेर टेंभुर्णीचं. सातवी झाली की लग्न झालं, सासर जालन्यात, मस्तगडला. जालना जिल्हा झाला त्याच सुमाराला मी कॉलेजात लागले, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बाटल्या जागच्या जागी ठेवायच्या. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघत बघत अक्षरं जुळली. सुरुवातीला चित्रासारखी ओळखायची, मंग वाचायला यायला लागली. पोरं मला मावशी म्हणायची, अन् प्राध्यापक लोकही मावशीच म्हणायचे. वयानं मोठे असलेले सर मला मावशी म्हणायचे तेव्हा हसू यायचं, पण सवय झाली.

बऱ्याच वर्षांनी, नव्वदच्या दशकात, वनस्पतिशास्त्राला त्या मॅडम आल्या. परभणीकडच्या. अंगानं बारीक, पण आवाज असा खणखणीत की ऑफिसातला कारकून म्हणायचा, "मॅडम शिकवू लागल्या की हिथं बसून मी पण पास होईन." आमचा मोठा वर्ग रस्त्याच्या बाजूला. खाली धान्याची दुकानं, हातगाड्या, ऑटो. भोंगे दिवसभर. मॅडम त्या भोंग्यांच्या वर आवाज चढवून ऐंशी पोरांना शिकवायच्या. दोन वर्षं चढवला, तिसऱ्या वर्षी आवाज बसला तो उठलाच नाही. औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्यात गाठी झाल्यात, सहा महिने बोलायचं नाही. कुजबुजायचं पण नाही, कुजबुजल्यानं गळ्याला जास्त ताण पडतो म्हणे.

अन् मॅडम तर तात्पुरत्या. कायम करायचं का नाही, ते विद्यापीठाची समिती येऊन वर्गात बसून ठरवणार होती. संस्थेतल्या एका मोठ्या माणसाचा भाचा त्याच विषयाचा पदवीधर होऊन घरी बसलेला. ते सगळ्यांना माहीत होतं. प्राचार्य सर मॅडमला माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. आवाज नसलेल्या माणसानं शिकवायचं म्हणजे..." अन् पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मॅडमनं पर्समधून पाटी काढली. खरीच पाटी, पहिलीच्या पोराची असते तशी. तिच्यावर लिहिलं: कपाटातला प्रोजेक्टर द्या.

तो प्रोजेक्टर कुठल्याशा अनुदानात आलेला. काचेच्या टेबलासारखी पेटी, वर मान वाकवलेला आरसा, आत दिवा. काचेवर पारदर्शक फिल्म ठेवली की तिच्यावरचं चित्र भिंतीवर मोठ्ठं होऊन पडायचं. तीन वर्षं तो प्राचार्यांच्या कपाटात टॉवेल पांघरून बसला होता. दर खंडेनवमीला त्याला बाहेर काढायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा अन् परत कपाटात. वापरला कधीच नव्हता.

कॉलेजचे वायरमन चाचा होते. पांढरी दाढी, तोंडात पान, घरी उर्दू. त्यांनी त्या प्रोजेक्टरचा दिवा बसवला, पंखा दुरुस्त केला, अन् मॅडमनं फिल्मांवर चित्रं काढायला सुरुवात केली. तिथून पुढं मी त्यांची फिल्म बदलणारी बाई. वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला, मॅडम प्रोजेक्टरजवळ छडी घेऊन उभ्या, मी बाजूला स्टुलावर. मॅडमनं मान हलवली की पुढची फिल्म. फुलाच्या पाच फिल्मा एकावर एक पडायच्या. पहिलीवर नुसती बाहेरची रेघ, दुसरीवर पाकळ्या, तिसरीवर पुंकेसर, असं करत फूल भिंतीवर उमलल्यासारखं भरत जायचं. पोरांनी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या. कारकून मला म्हणायचा, "काय मावशी, आजचा शो हाउसफुल?"

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आलं. अंधारात स्टुलावर बसून मला भिंत दिसायची नाही. वळून बघायला गेलं तर मान मोडायची. पोरं दिसायची, प्रोजेक्टरच्या उजेडात सगळ्यांची तोंडं. मंग मी काय करायची, एका वहीत खुणा करायची. कोणत्या फिल्मवर पोरं खोकायला लागली, तिथं टिंब. कुठं पेनं थांबली, तिथं आडवी रेघ. कुठं शेजारच्याला विचारू लागली, तिथं गोल. मला करमत नव्हतं म्हणून करायची. एकदा ती वही मॅडमच्या हाती लागली. त्यांनी उभ्या उभ्या सगळी वाचली. मंग पाटीवर लिहिलं: तिसऱ्या फिल्मवर पेनं का थांबतात?

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही तिसरीवर इंग्रजीत नावं लिवलीत. नाव आलं की पोरं स्पेलिंगपाशी अडत्यात, पेन थांबतं, मंग तेच उतरवून घेत्यात. फुलाकडं बघतच न्हाईत. मंग चौथी पडली की त्यांना कळंना कुठं चाललंय."

त्या दिवसापासून मॅडम रोज संध्याकाळी वही घरी न्यायच्या अन् सकाळी फिल्मा बदललेल्या असायच्या. एखादं नाव पुसलेलं, एखादी रेघ सरकलेली. कशानं पुसतात ते मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, काहीतरी औषध असणार. आमच्याकडं प्रयोगशाळेत काचेवर लिहायची मेणाची जाड पेन्सिल असते. काचपट्टी कितीही वेळा धुतली तरी तिचा नंबर जात नाही. मी धरून चालले होते की मॅडमचे पेन पण तसेच. पाण्यानं जाणाऱ्या शाईचे पेन असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मॅडमनं मुद्दाम तेच पेन घेतले होते, म्हणजे माझ्या वहीप्रमाणं रोज बदलता यावं.

समिती येणार होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता. त्या आधी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी अवजारं नुसती पुसत नाहीत. माहेरी विळे, खुरपी, औताचा फाळ, सगळं पाण्यानं धुऊन मंगच पाटावर. मी प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक, चिमटे, सुऱ्या बाहेर काढल्या. चाचा दारातून ओरडले, "भाभी, मशीन कू पानी नक्को लगाव! सुक्के कपड़े से पोछो!" मी म्हटलं, "हौ चाचा, मला कळतंय तेवढं." अन् प्रोजेक्टर खरंच कोरड्या फडक्यानं पुसला. फिल्मांचं मात्र कुणी काही बोललं नव्हतं. त्यांच्यावर धूळ बसलेली, माझ्या बोटांचे तेलकट ठसे. समिती येणार, म्हटलं, स्वच्छ असाव्यात. टबात पाणी, थोडी कपडे धुवायची पावडर, अन् सगळ्या एकदम आत सोडल्या.

अठ्ठेचाळीस फिल्मा होत्या. मी त्या एकेक उचलून दोरीवर चिमट्यानं लावत गेले. कशाला लावत होते देव जाणे. दोरी भरली. चाचा नारळ घेऊन आत आले अन् दोरीकडं बघतच राहिले. पानाची पिंक टाकायची पण विसरले.

"भाभी," ते म्हणाले, "ये तो पूरे नंगे हो गए."

मला रडायला पण आलं नाही. हातातल्या टबातलं पाणी कुठं टाकावं हेच कळेना. त्यात मॅडमचा सगळा पावसाळा होता.

"चाचा, आता काय करू?"

"करना क्या है. बोलना पड़ेगा. तुमीच बोलना. मैं साथ आता."

मॅडमची खोली जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, गाड्या धुणारी माणसं. मी चाचांच्या मागून चालत होते अन् मनात वाक्य बनवत होते. मॅडम, जरा चूक झाली. नाही, जरा कशी? मॅडम, पूजा करताना... नाही, पूजेवर कशाला ढकलू? दारात पोचले तेव्हा एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

मॅडम फरशीवर बसून समितीसाठी कागद लावत होत्या. आम्हाला बघून हसल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी फिल्मा धुतल्या. पाण्यानं."

त्यांनी पाटी ओढली. लिहिलं: सगळ्या?

"सगळ्या."

माणसाला आवाज असला तर तो ओरडतो, अन् ओरडून झालं की आपल्याला पण बरं वाटतं.  मॅडमनं पाटीवर भरभर काहीतरी लिहिलं, बरंच लांब, पाटी भरून. आमच्याकडं वळवायच्या आधी हातानंच पुसून टाकलं. ते काय होतं, मी आयुष्यात कधी विचारलं नाही. चाचा खाली बघून म्हणाले, "मॅडम, गलती मेरी भी है. मैं बोला मशीन का, फिल्म का नहीं बोला." मॅडमनं मान हलवली, नाही म्हणून. मंग हात पुढं केला. वही, असं खुणावलं. वही माझ्या पिशवीतच होती.

पेन उरले होते दोन. निळा जवळजवळ वाळलेला, लाल अर्धा. जालन्यात ते मिळायचे नाहीत, औरंगाबादहून आणावे लागत, अन् दसऱ्यामुळं तिथलं दुकान दोन दिवस बंद. मॅडमनं एक कोरी फिल्म घेतली अन् फुलाची बाहेरची रेघ ओढली. अर्ध्यावर निळा संपला. लाल घेतला. एक फूल पुरं झालं अन् लाल पण फिक्का पडू लागला. त्यांचा हात थांबला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. पुसलं पण नाही त्यांनी.

मी म्हटलं, "आमची काचेची पेन्सिल आणू का? ती पाण्यानं जात न्हाई."

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले की, आता तरी गप बस बाई. पण मी कॉलेजातून आणली. मेणाची पेन्सिल ती, फिल्मवर चालली. रेघ मात्र बोटाएवढी जाड. तिनं पुंकेसरांची नावं लिहायची म्हणजे फूलच झाकून जाईल. मॅडमनं दोन-तीनदा लिहून बघितलं, कोरड्या फडक्यानं घासून पुसलं. मंग वही उघडून माझ्या आडव्या रेघा बघत बसल्या.  खाली गल्लीत कुणाच्या तरी मोटारसायकलला हार घालून भोंगा वाजवत होते. शेवटी त्यांनी पाटीवर लिहिलं: नावं नकोत. रिकामी फिल्म पोरांच्या हातात देऊ.

मला समजलं नाही. मी म्हटलं, "अन् पोरांना न्हाई आलं तर?"

त्यांनी पाटी पुसली अन् कोऱ्या फिल्मा मोजायला घेतल्या.

पुढं त्यांनी मला सांगितलं, म्हणजे लिहून, की कपाशीची फुलं लागतील, ताजी, कळ्या पण. आमच्या जालन्याकडं बियाण्याचे प्लॉट खूप. दसऱ्याच्या सुमाराला कपाशीला बहर असतो अन् बायापोरी क्रॉसिंगच्या कामाला जातात. एका जातीच्या कळीतला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग तिला लावायचे. लहानपणी मी पण केलंय. मॅडमच्या वर्गात एक मुलगी होती, शहराच्या कडेच्या वस्तीवरची. सकाळी प्लॉटवर क्रॉसिंग करून यायची म्हणून रोज उशिरा, म्हणून रोज शेवटच्या बाकावर. माझ्या वहीत तिच्या बाकाला मी वेगळी खूण दिली होती, कारण तिचं पेन कधीच हलायचं नाही. मला तिची काळजी वाटायची. समितीनं नेमकं तिला काही विचारलं तर, असं वाटायचं.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "उद्या येताना कपाशीची फुलं आण. कळ्या पण आण."

"प्लॉटवरची मालक हात लावू देत न्हाई मावशी. बांधावरची आणू का?"

"आण. अन् उद्या उशीर करू नको."

"उद्या मी येऊ न्हाई का मावशी? साहेब लोक येणार म्हंत्यात. मला काय येत न्हाई."

मी म्हटलं, "फुलं कोण आणंल मंग?"

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच प्राचार्य वर्गात डोकावून गेले. "मॅडम, नुसतं चित्र दाखवू नका. निदान दोन शब्द बोला. दोन शब्दांनी काय होतंय." मॅडमनं हात जोडले. व्हरांड्यात तो भाचा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेला. माझ्याकडं बघून हसला बिचारा. त्याचा काय दोष, त्याला पण नोकरी पाहिजे होती. पण मला त्या दिवशी त्याचा फार राग आला.

समितीतले तिघं मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसले. मधले सर वयस्कर, जाड भिंगाचे. चाचांनी बटण दाबलं. भिंतीवर फुलाची जाड रेघ, आत काहीच नाही. मॅडमनं काचेवर खरं फूल ठेवलं, त्या पोरीनं बांधावरून आणलेलं. त्याची सावली पडली, अन् पाकळ्यांतून उजेड झिरपून भिंत पिवळसर झाली. मंग मॅडमनं रिकामी फिल्म वर ठेवली, पेन्सिल उचलली अन् वर्गाकडं धरली.

कुणीच उठलं नाही.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा आवाज करत होता. मागं मधल्या सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला त्यांच्या लिहिण्याचा आवाज ऐकू आला असं वाटलं, येणं शक्य नाही, पण वाटलं. शेवटी पुढच्या बाकावरचा एक पोरगा आला. त्यानं पुंकेसराला बाण काढून कुक्षी लिहिलं, म्हणजे नराला मादीचं नाव. वर्ग हसला. तो ओशाळून जागेवर गेला. मॅडमनं ती फिल्म काढून दुसरी रिकामी ठेवली. दुसरा आला, त्यानं अर्धं बरोबर लिहिलं. काच तापली होती, फूल कोमेजलं. मी दुसरं फूल ठेवलं. ते नीट बसेना, अन् त्याला सारखं करणाऱ्या माझ्या बोटांची सावली भिंतीवर हातभर होऊन सगळ्यांना दिसत होती.

मधले सर मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवायला कधी सुरुवात करणार?"

प्राचार्यांनी दारातच मान खाली घातली. मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तिसरी फिल्म टाकायची खूण. पण तिसरी होतीच कुठं. मी नकळत मान हलवली, थांबा म्हणून. का हलवली ते आजही सांगता यायचं नाही. मॅडम थांबल्या.

सर उठून पुढं आले. वर्गावर नजर फिरवली अन् बोट थेट शेवटच्या बाकाकडं. "तू. तुझी वही कोरी दिसते. ये."

 ती पोरगी चालत आली, ओढणीची टोकं हातात गुंडाळून. सर म्हणाले, "या फुलाबद्दल काय माहीत आहे तुला?"

ती फुलाकडं बघेना. तिनं बाजूच्या ताटलीतली कळी उचलली. देठाजवळ अंगठ्याचं नख लावलं अन् हात असा गर्रकन फिरवला की पाकळ्या अन् आतली पुंकेसरांची नळी एका झटक्यात निघून आली. राहिलं ते तिनं काचेवर ठेवलं. भिंतीवर एक काडी, तिच्या खाली गोल गाठ.

"हे नर," ती हातातलं दाखवून म्हणाली. "हे काढलं न्हाई तं फूल आपल्याआपणच फळतं. मंग क्रॉस कशाचा? अन् ही काडी मोडली तं बोंडच येत न्हाई. उद्या सकाळी हिच्या टोकाला दुसऱ्याचे पराग लावायचे. आज न्हाई. आज ती तयार नसती."

"टोकाचं नाव काय?"

"नाव न्हाई येत, सर."  मंग मागून एकानं म्हटलं, "कुक्षी." दुसऱ्यानं म्हटलं, "स्टिग्मा, सर!" पहिला पोरगा, तो चुकलेला, उठला, पेन्सिल घेतली अन् त्या टोकाला बाण काढून नाव लिहिलं. खालच्या गाठीला कुणी तरी अंडाशय म्हटलं. पोरं एकमेकांच्या चुका काढत होती, पुसत होती, परत लिहीत होती. मी वहीकडं बघितलं. आडवी रेघ मारायला जागाच नव्हती, पेनं चालूच होती.

सर मॅडमकडं वळले. "हे सगळं तुम्ही स्वतः सांगू शकला असतात. तुम्हाला लिहिता येतं ना?"

मॅडमनं कोरी फिल्म घेतली. पेन्सिलनं जाड अक्षरात लिहिलं, सावकाश, अन् भिंतीवर एकेक अक्षर उमटत गेलं: मी सांगितलं असतं तर त्यांनी उतरवून घेतलं असतं.

सरांनी चष्मा काढला, वाचलं, परत घातला. हसले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले अन् तिघं निघून गेले. त्या "हं"चा अर्थ लावण्यात आमचे दीड-दोन महिने गेले. चाचा म्हणायचे, अच्छा वाला हं था. कारकून म्हणायचा, समितीचं हं म्हणजे नाहीच. मॅडम रोज वर्ग घेत होत्या, कोऱ्या फिल्मा अन् जाड पेन्सिल घेऊन. नवे पेन आले तरी पहिले पंधरा दिवस त्यांनी ते उघडले नाहीत.

आता कॉलेजात सगळीकडं संगणक आहेत, माझ्या निवृत्तीच्या आधीच आले. भिंतीवर रंगीत चित्रं हलतात, अन् सगळी नावं आधीच लिहिलेली असतात. मी शेवटच्या वर्षांत मागं उभी राहून बघायची. पोरं उतरवून घ्यायची. वाईट म्हणत नाही. नुसतं सांगते.

समितीचं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी मॅडमला बोलावलं अन् मॅडमनं मला सोबत नेलं. प्राचार्यांनीच वाचून दाखवलं. अध्यापन समाधानकारक. गळ्याचा वैद्यकीय दाखला सहा महिन्यांत जोडावा, तोवर नेमणूक चालू. दाखला पुढं जोडला गेला, कारण आवाज आला. पहिल्यासारखा नाही, घोगरा, कडेला फाटलेला. पण आला, अन् मॅडम कायम झाल्या. समितीला धुतलेल्या फिल्मांचं कुणी सांगितलं नाही. चाचांनी पण घरी सांगितलं नाही म्हणे. मी विश्वास ठेवत नाही, त्यांच्या बायकोनं मला एकदा बाजारात विचारलं होतं, "भाभी, टब का पानी कौनसे रंग का था?"

पुढची खंडेनवमी आली. मी चिमटे, सुऱ्या धुतल्या, प्रोजेक्टर कोरड्या फडक्यानं पुसला, अन् फिल्मांच्या डब्याला हातच लावला नाही. लांबूनच हळदकुंकू टाकलं. मॅडम आल्या. डबा उघडून त्यांनी एक फिल्म बाहेर काढली, नवी, सगळी रंगीत, अन् काचेवर ठेवली. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला अन् माझ्या हातात दिला.

"मावशी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काल तिसरीवर तुमची रेघ होती. ते नाव पुसा."

माझा हात पुढं होईना. "मॅडम, मी न्हाई. तुम्हीच पुसा."

"तुम्हाला कळतं कुठलं पुसायचं. मला नाही कळत."

मी बोळा नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवला. निळं पाणी सुटलं, बोळ्याला लागलं. फूल जागच्या जागी होतं. मी दुसरं अक्षर पुसलं, मंग तिसरं, फुलाच्या रेघेला धक्का न लावता, अन् नाव संपेपर्यंत मला श्वास घ्यायची आठवणच राहिली नाही.